‘डबा वाटून खायचा नसतो,’ टीचर म्हणाल्या

नमस्कार ताई,

लिहायचं होतं ‘जय भीम’, पण हात सवयीने नमस्काराकडे वळला. तेही सांगून टाकते.

आम्ही मूळचे नांदेडकडचे. सहा वर्षांपासून टोरांटोत, स्कारबरोला राहतो. लेक सातवीत आहे, टोरांटो डिस्ट्रिक्ट स्कूल बोर्डाच्या शाळेत. दीड वर्षापूर्वी तिच्या वर्गात पुण्याहून एक मुलगी आली. घराबाहेर मराठी बोलायला कुणीतरी मिळालं म्हणून माझ्या लेकीपेक्षा मलाच जास्त आनंद झाला होता. दोघी रोज डबा वाटून खायच्या. मी मुद्दाम दोन धपाटे जास्त द्यायचे.

या वर्षी शाळा सुरू झाल्यावर त्या मुलीने हिला पूर्ण नाव विचारलं, गाव विचारलं. हिने सांगितलं. चार दिवसांनी लंचच्या टेबलावर सगळ्यांसमोर म्हणाली, “म्हणजे तुझे बाबा कोट्यातून इंजिनिअर झाले.” पुढच्या आठवड्यापासून डबा बंद. “आजीने नको सांगितलंय,” एवढंच. बाकीच्या दोघी भारतीय मुलीही तिच्या बाजूला जाऊन बसतात. लेकीने टीचरला सांगितलं की, “ती माझ्या डब्यातलं खात नाही.” टीचर हसून म्हणाल्या, “बरोबरच आहे, डबा वाटून खायचा नसतो.” त्यानंतर लेकीने कुणालाच काही सांगितलेलं नाही. मलाही हे सगळं महिन्याने कळलं.

मिस्टर म्हणतात, इथे कुणाला काय कळतंय, आपणच कशाला फलक लावून फिरायचं? त्या मुलीची आई आणि मी मंडळाच्या एकाच व्हॉट्सॲप ग्रुपवर आहोत. ऑक्टोबरात लेकीचा वाढदिवस झाला. मैत्रिणी यायच्या आधी ती हळूच म्हणाली, “आई, हॉलमधला बाबासाहेबांचा फोटो आत ठेवू या?” मी काढून ठेवला. खिळा तसाच आहे, त्यावर कॅलेंडर अडकवलंय. तेव्हापासून नीट झोप नाही.

शाळेशी बोलू का? आणि बोलले तर त्यांना कळेल तरी का मी काय म्हणतेय?

— एक आई, स्कारबरो

जय भीम ताई,

पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा त्या टीचरच्या वाक्यापाशी अडखळले. आधी त्यांच्याबद्दलच बोलते, कारण तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तिथेच आहे.

२००३ साली आपल्या या ऑन्टारिओ प्रांतात तेरा वर्षांची एक मुलगी शाळेच्या कॅफेटेरियातलं खाऊन ॲलर्जीने दगावली. तिच्या नावाने २००५ साली कायदा झाला, ‘सब्रिनाज लॉ’. शाळांनी ॲलर्जीच्या मुलांना सांभाळायची व्यवस्था करणं त्याने बंधनकारक झालं. म्हणून इथे डबा वाटून खाऊ देत नाहीत आणि टीचर मंडळींच्या हाडीमाशी ते भिनलेलं आहे. तुमची लेक म्हणाली, “माझ्या डब्यातलं खात नाही”, आणि टीचरच्या कानाला शेंगदाण्यांची ॲलर्जी ऐकू आली. पंगतीतून उठवणं म्हणजे काय, हे त्यांना कुणी कधी सांगितलेलंच नाही. बाईंना वाईट ठरवू नका. पण त्या आपणहून समजून घेतील अशी वाटही बघू नका. शाळेला तो शब्द तुम्हालाच द्यावा लागेल: कास्ट. ‘बुलिंग’ म्हणालात तर शाळा दोन मैत्रिणींचं भांडण समजेल. ‘फूड’ म्हणालात तर परत शेंगदाणे.

हा शब्द तुमच्या बोर्डाला नवा नाही. तुम्ही लिहिलं नाहीत, त्यावरून तुम्हाला हे माहीत नसावं असा माझा अंदाज आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते. ८ मार्च २०२३ रोजी टोरांटो डिस्ट्रिक्ट स्कूल बोर्डाने १६ विरुद्ध ५ मतांनी एक ठराव केला. जातीवरून होणारा भेदभाव आमच्या शाळांत आहे हे आम्ही मान्य करतो आणि त्यावर काय करायचं याची चौकट आखायला ऑन्टारिओ मानवी हक्क आयोगाची मदत मागतो, असा तो ठराव. मांडला होता स्कारबरो नॉर्थच्या ट्रस्टी, म्हणजे बोर्डावर निवडून आलेल्या सदस्य, यालिनी राजकुलसिंगम यांनी. म्हणजे तुमच्याच भागातून. असं करणारं हे कॅनडातलं पहिलं शाळा बोर्ड. आणि बोर्ड केवढं? १९९८ साली जुन्या शहराची आणि उपनगरांची वेगवेगळी बोर्डं एकत्र करून बनवलेलं, जवळपास ५८० शाळांचं, देशातलं सगळ्यात मोठं. आपल्याकडच्या कितीतरी जिल्हा परिषदा शाळांच्या संख्येत याच्या पुढे जातील, ते सोडा. पण इथल्या मानाने अजस्र.

त्या ठरावाला विरोधही झाला आणि विरोधात आपल्याकडची माणसं बरीच होती. त्यांचं म्हणणं, यामुळे शाळेत सगळ्याच हिंदू मुलांकडे संशयाने पाहिलं जाईल. ही भीती मी उडवून लावत नाही. वर्गात कुणी ‘इंडियन म्हणजे कास्ट’ असा धडा घ्यायला लागलं तर पहिली मान खाली जाईल ती तुमच्याच लेकीची. फक्त, तुमच्या लेकीच्या बाबतीत जे व्हायचं ते कुणी ठराव केला म्हणून झालेलं नाही. ते एका आजीच्या तोंडून निघून डब्यापर्यंत पोचलंय.

त्याच वर्षी ऑक्टोबरात मानवी हक्क आयोगाने आपली भूमिका जाहीर केली. ऑन्टारिओच्या मानवी हक्क कायद्यात ‘जात’ हा शब्द नाही. पण वंश, कूळ, पंथ, मूळ देश, कौटुंबिक स्थिती या ज्या गोष्टी आहेत त्यांतून जातीवरचा भेदभाव कायद्याच्या कक्षेत येतो, असं त्यांनी म्हटलंय. आता हे वाचून शाळेत जाऊन कलमं ऐकवायला लागू नका हं. सांगितलं ते एवढ्यासाठी की प्रिन्सिपल म्हणाले, “हा तुमच्या समाजातला प्रश्न आहे, आम्ही काय करणार?” तर गप्प बसून उठून येऊ नका.

पण शाळा नंतर. आधी घर.

तुमच्या लेकीला आपण कोण आहोत हे कुणी सांगितलं? पत्रात शोधलं, सापडलं नाही. फोटो तिने जन्मापासून पाहिलाय, चौदा एप्रिलला गोड खाल्लंय, पण गोष्ट तुम्ही सांगितलेली दिसत नाही. का नाही सांगितलीत ते कळतं. इतक्या लांब आलो ते तिच्या कानावर हे पडू नये म्हणूनच, असं तुम्हाला वाटलं असणार. झालं असं की तिच्या घराण्याची पहिली ओळख तिला लंचच्या टेबलावर, कोट्याच्या टोमण्यातून झाली. बारा वर्षांच्या मुलीने त्यातून काय काढलं? की हॉलमधला तो फोटो म्हणजे झाकून ठेवायची गोष्ट आहे.

तेव्हा या शनिवारी बसा. तिघं बसा. मोठं भाषण नको. चवदार तळं सांगा, १९२७ सालचं, कारण डबा आणि पाणी हे तिला लगेच जुळेल. दरवर्षी ३० सप्टेंबरला ती शाळेत नारिंगी शर्ट घालून जात असेल. इथल्या मूळनिवासी मुलांना घरांतून उचलून रेसिडेन्शियल शाळांत कोंबलं, त्यांचे केस कापले, भाषा तोडली, हे तिला पाठ असेल. त्या मुलांनी लाज बाळगायची की ज्यांनी केलं त्यांनी, हे तिलाच विचारा. उत्तर तिच्याकडे आहे. तिने ते अजून स्वतःच्या घराला लावून पाहिलेलं नाही, एवढंच.

आणि कोटा. यावर घरात कुजबुजू नका, सरळ सांगा. राखीव जागा म्हणजे काय, १९०२ साली कोल्हापुरात शाहू महाराजांनी निम्म्या जागा का राखल्या, कुणासाठी राखल्या. कॅनडाच्या हक्कांच्या सनदेतही मागे ठेवल्या गेलेल्यांसाठी खास योजना करायला मुभा आहे, कलम १५ मध्ये. इथे कुणी त्याला भीक म्हणत नाही. (म्हणणारे असतीलच म्हणा, पण ते सगळीकडेच असतात.) सगळ्यात महत्त्वाचं, तिच्या बाबांनी सांगितलं तर बरं. ज्या वर्षी ते इंजिनिअरिंगला गेले, हॉस्टेलवर खोली कशी मिळाली, मेसमध्ये कोण शेजारी बसलं, कोण उठलं. “फलक लावून कशाला फिरायचं” म्हणणाऱ्या माणसाच्या मागे बहुतेक वेळा असं एखादं हॉस्टेल असतं. त्यांना भित्रे समजू नका. त्यांनी एकदा गप्प बसून निभावून नेलंय आणि तोच उपाय त्यांना ठाऊक आहे. पण लेकीला त्यांची गप्प बसायची हातोटी नको आहे, त्यांची गोष्ट हवी आहे.

मी हे कुठल्या तोंडाने सांगते? माझ्या आडनावावर कुणी कधी दुसरा प्रश्न विचारत नाही. पहिल्यातच लोकांचं समाधान होतं आणि पुढे चहा येतो. इथल्या शाळांतून नव्याने आलेल्या कुटुंबांना मदत करायचं काम मी बरीच वर्षं केलं. एकदा एक आई माझ्यासमोर बसली होती, मराठीच. तिचा मुलगा क्रिकेटच्या ग्रुपमधून बाहेर काढला गेला होता आणि ती जातीचं काहीतरी सांगायचा प्रयत्न करत होती. मी म्हणाले, “अहो, मुलांचं असतंच, आठवड्यात विसरतील.” तिने पर्सची चेन दोनदा उघडली, दोनदा लावली, थँक्यू म्हणाली आणि गेली. परत आली नाही. मला तेव्हा कळलं नव्हतं असं नाही. कळलं होतं, म्हणूनच मी विषय बदलला. तेव्हा टीचरला न कळणं आणि माझ्यासारखीला कळून न कळणं, यातला दुसरा प्रकार तुम्हाला बोर्डातही भेटू शकतो, बरं का. आपल्याच रंगाचा, आपल्याच भाषेचा माणूस मदतीला आला म्हणजे काम झालं असं धरून चालू नका.

आता शाळा. फोन नको, पार्किंगमध्ये गाठून बोलणं नको. ई-मेल. क्लास टीचरला आणि प्रिन्सिपलला एकत्र. विषयाच्या ओळीतच ‘कास्ट-बेस्ड’ हा शब्द घाला. आत चार परिच्छेदांपेक्षा जास्त नको. पहिल्यात फक्त काय झालं ते: तारीख (नक्की आठवत नसेल तर ‘सप्टेंबरचा शेवटचा आठवडा’), जागा, जसे बोलले गेले तसे शब्द. त्या मुलीच्या आजीबद्दल तुमचं मत लिहू नका. “आजीने नको सांगितलंय” हे वाक्य मात्र लिहा, कारण ते मुलीने म्हटलेलं आहे. दुसऱ्यात, तुमच्या मुलीने टीचरला सांगायचा प्रयत्न केला होता हे सांगा, पण आरोपाच्या सुरात नाही. ‘जेवण नाकारणं ही जातीच्या बहिष्काराची जुनी पद्धत आहे, हे तुमच्या लक्षात येणं अवघड होतं’ असं काहीसं. टीचरला माघार घ्यायला जागा द्या, त्या तुमच्या बाजूला येतील. तिसऱ्यात २०२३ च्या ठरावाचा एका ओळीत उल्लेख.

चौथ्यात तुम्हाला काय हवंय ते. इथेच लोक घोटाळा करतात. ‘योग्य ती कारवाई व्हावी’ असं लिहिलं की समोरचा योग्य ती कारवाई म्हणून एक मीटिंग ठेवतो आणि फाइल बंद. नेमकं मागा. लंचच्या वेळी त्या टेबलावर कोण लक्ष ठेवणार आणि कधीपर्यंत? लेकीला काही वाटलं तर तिने शाळेत कुणाकडे जायचं, एका माणसाचं नाव. आणि पुढची भेट कोणत्या तारखेला. त्या मुलीला सस्पेंड करा असं मागू नका. ती बारा वर्षांची आहे, ऐकलेलं ओकतेय. शाळेने तिच्यावर काय केलं हे तुम्हाला सांगणारही नाहीत, दुसऱ्या मुलाची माहिती खासगी असते. त्यावर चिडून उपयोग नाही.

एक गोष्ट मात्र स्पष्ट नाकारा. कुणीतरी उत्साही व्यक्ती सुचवेल की सगळ्या मुलींना गोल बसवू या आणि तुमची लेक सगळ्यांना कास्ट म्हणजे काय ते समजावून सांगेल. अजिबात नाही. वर्गाला शिकवायचं असेल तर ते मोठ्या माणसांचं काम आहे आणि ते तिच्याकडे बोट न दाखवता करता येतं. तिला स्वतःहून कधी बोलावंसं वाटलं तर वेगळी गोष्ट.

कायदा तुमच्या बाजूला आहे हे लक्षात ठेवून शांतपणे बोला. ऑन्टारिओच्या शिक्षण कायद्याप्रमाणे अशी गंभीर बाब कळलेल्या कर्मचाऱ्याने ती प्रिन्सिपलच्या कानावर घालायची असते, प्रिन्सिपलने चौकशी करायची असते आणि ज्या मुलाला त्रास झाला त्याच्या पालकांना कळवायचं असतं. २०१२ च्या दुरुस्तीनंतर बुलिंगच्या व्याख्येत वंश, धर्म, कौटुंबिक परिस्थिती यांवरून होणारी वरचढ-कमीपणाची वागणूकही आली. भेटीला जाताना इंग्रजीची धास्ती वाटत असेल तर दुभाषी मागा. शाळेला तशी सोय करता येते, मात्र दोन-चार दिवस आधी सांगा. फक्त दुभाषी मंडळातला ओळखीचा निघू नये एवढं पाहा!

उत्तर आलंच नाही किंवा गोड बोलून वाटेला लावलं, तर वर शाळांच्या गटाचे सुपरिंटेंडेंट असतात आणि बोर्डाचं स्वतःचं मानवी हक्क कार्यालय आहे. ट्रस्टींकडे जाण्याचा रस्ता सध्या अरुंद झालाय, कारण २०२५ च्या जूनमध्ये प्रांतिक सरकारने पैशांच्या कारभारावरून बोर्डावर आपला पर्यवेक्षक बसवला आणि निवडून आलेल्या २२ ट्रस्टींच्या हातातला कारभार काढून घेतला. बोर्डाने केलेले ठराव त्यामुळे पुसले गेले असं कुणी सांगितलं तर लेखी मागा. अगदी शेवटचा रस्ता मानवी हक्क लवादाचा. तिथे घटनेपासून एक वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो, म्हणून तारखा लिहून ठेवा म्हणते. ह्यूमन राइट्स लीगल सपोर्ट सेंटर या कामी फुकट सल्ला देतं. तिथपर्यंत जावं लागेल असं मला वाटत नाही.

त्या मुलीच्या आईला फोन? शाळेला ई-मेल जाईपर्यंत नको, आणि ग्रुपवर तर कधीच नको. ग्रुपवर टाकलंत की संध्याकाळपर्यंत दोन तट पडतील, कुणीतरी “मुलांच्या भांडणात राजकारण आणू नका” लिहील, त्याला अकरा अंगठे येतील आणि तुमची लेक ते स्क्रीनशॉट बघेल. शाळेची पहिली भेट होऊ द्या. मग ती आई समोर आली आणि तुम्हाला बळ वाटलं तर एवढंच विचारा, “तुमच्याकडे डब्याचं काय बोलणं झालं?” आणि थांबा. पुढचं त्यांना बोलू द्या. कदाचित त्यांना आजीचा पराक्रम माहीतही नसेल. कदाचित असेल. त्यांच्या चेहऱ्यावरून कळेल.

जाता जाता एक. १९१६ साली न्यूयॉर्कला विद्यार्थी असताना बाबासाहेबांनी जातीवर एक निबंध वाचला होता. त्यात त्यांनी आपल्या ज्ञानकोशकार केतकरांचा हवाला देऊन म्हटलंय की हिंदू जगात दुसरीकडे जाऊन राहिले, तर जात हा जगाचा प्रश्न होईल. एक महू-साताऱ्याकडचा, एक विदर्भातला, दोघंही अमेरिकेत शिकायला आलेले. तुमच्या लेकीला हे आवडेल असं मला वाटतं. तिच्या डब्याचा अंदाज शंभर वर्षांपूर्वी, इथून विमानाने दीड तासावर, कुणीतरी बांधून ठेवला होता.

ई-मेल पाठवायच्या आधी तिला वाचून दाखवा. एखादं वाक्य काढ म्हणाली तर काढा. तिच्या नावाने काही जातंय आणि तिलाच पत्ता नाही, असं परत व्हायला नको. फोटोचं तिच्यावर सोडा. लगेच काढून लावू नका, “बघ, आपण लाजत नाही” असा देखावाही नको. शनिवारच्या गप्पा होतील, शाळेचं उत्तर येईल, महिना-दोन महिने जातील. तोवर कॅलेंडर असू दे. खिळा मात्र उपटू नका.